गोगलगाय न तुडवणारे आप्पा

जगात माणसांचे फक्त दोन प्रकार आहेत, असं आमच्या घरमालकांचं ठाम मत आहे: गोगलगाईवरून उडी मारून पलीकडे जाणारे आणि गोगलगाईच्या अंगावर उडी मारणारे. जात, शिक्षण, कानडी की मराठी, ऊस की तंबाखू हे बाकीचे सगळे भेद त्यांच्या लेखी नंतरचे. गोगलगाय अर्थातच खरी नाही. ती टीव्हीच्या पडद्यावर सरपटते, रंगाने निळी आहे आणि तिच्या डोक्यावर पाय दिला की गुण मिळतात. निपाणीच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सामान उतरायच्या आधीच त्यांनी मला आत बोलावून हातात टीव्हीवरच्या गेमचा कंट्रोलर दिला. मला वाटलं, पाहुण्याला गूळपाणी देतात तसा हा इकडचा काहीतरी रिवाज असावा. मी गोंधळून भलतंच बटण दाबलं आणि थेट खड्ड्यात पडून मेलो. "मरू द्या," ते म्हणाले, "पर तुडिवलं न्हाय तुम्ही. ऱ्हावा बिनधोक." माझ्या दोन पदव्या आणि प्राचार्यांचं पत्र पिशवीतच राहिलं. घर मला खड्ड्यात पडल्यामुळे मिळालं.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, पांढरी टोपी, तंबाखूची वखार, ओढ्यापलीकडे ऊस, आणि घराणं असं कडक जैन की दिवस मावळल्यावर स्वयंपाकघरातलं भांडंसुद्धा वाजत नाही. तंबाखूने माणसं मरतात, असं मी नवा असताना एकदा त्यांच्याजवळ बोलून गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कुणाला खावा म्हणून सांगाय जात न्हाय, सर. गोगलगाय मातूर मला माझ्या पायानं तुडवाय लागती." या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे मला कळतं, पण ते नेमकं कुठे आहे हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली.

त्यांच्या बंगळूरच्या मुलाने दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांना एक नवंकोरं, महागडं मशीन आणून दिलं. सोबत एक युद्धाचा गेमही दिला. आप्पांनी तो लावला, पहिल्याच दृश्यात रक्त बघून टोपी काढून मांडीवर ठेवली आणि "हे काय खाटकाचं दुकान हाय व्हय?" म्हणून बंद केला. दुसऱ्या एका गेममध्ये नायक घोड्यावरून डोंगर उतरत होता. आप्पा अर्धा तास घोडा चालवत राहिले, कुठेच काही झालं नाही, तेव्हा म्हणाले की एवढ्या वेळात मी मळ्याकडं जाऊन पाणी फिरवून आलो असतो. नवे गेम आधी स्वतःची ओळख करून देतात, मग परवानगी मागतात, मग तासभर नेटवरून कसलीशी भर घालून घेतात आणि तोवर खेळणाऱ्याची जेवायची वेळ होते, ही त्यांची मुख्य तक्रार. मुलगा हिरमुसला होऊन परत जाणार, इतक्यात आप्पांना समजलं की त्याच मशीनवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे गेमही मिळतात. झालं. जगातलं सगळ्यात वेगवान यंत्र त्या दिवसापासून निपाणीत एका निळ्या गोगलगाईच्या सेवेला जुंपलं गेलं.

पण जुने गेम खेळणं म्हणजे नुसतं खेळणं नव्हे, त्याला आचार आहे. हातपाय धुऊन, सतरंजीवर मांडी घालून, दिवसाउजेडी. विमानातून गोळ्या झाडायचा गेम कायमचा वर्ज्य. बदकं मारायच्या गेमचं त्यांच्यासमोर नावही काढायचं नाही. मोटारींच्या शर्यतीत ते मागून येणाऱ्या प्रत्येकाला बाजू देतात, वळणावर वेग कमी करतात आणि नेमाने शेवटचे येतात. "पोचलो न्हवं?" एवढंच त्यांचं म्हणणं. चातुर्मासात पाण्याखालचा टप्पा खेळत नाहीत, कारण पाण्यात सूक्ष्म जीव असतात. ते पाणी बंगळूरहून आलेल्या यंत्रातलं आहे, असं मी निदर्शनास आणून दिलं, तेव्हा "जीव तिथंबी असत्यात" असं उत्तर मिळालं. उपवासाच्या दिवशी मात्र वरून ठोकळे पडतात तो गेम चालतो, कारण त्यात कुणाला धक्का लागत नाही.

आणि नव्या मशीनने जुन्या गेमना ज्या सोयी चिकटवल्या आहेत, त्या तर त्यांना साफ नामंजूर. खड्ड्यात पडलं तर एक बटण दाबून काळ मागे नेता येतो. आप्पांनी त्या बटणावर जखमेची चिकटपट्टी लावून टाकली आहे. खेळ हवा तिथे जपून ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतो. तेही नाही. "मेलं की मेलं. पयल्यापास्नं चालाय लागायचं," हा त्यांचा सिद्धांत. जुने गेम आजही खेळावेत ते का, यावर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव विवेचन. आमच्या विभागातल्या चर्चासत्रांतून मी याहून लांब आणि याहून पोकळ पुष्कळ ऐकलं आहे.

या सगळ्या आचारात त्यांना साथ होती ती लेकीची. पद्मा लहान असताना आप्पांनी बेळगावहून कॅसेटवालं जुनं मशीन आणलं होतं. मुलगा दोन दिवसांत कंटाळला आणि त्याचा कंट्रोलर पद्माच्या हातात गेला तो गेलाच. पुढे ती गावातल्याच शाळेत गणिताची बाई झाली, तरी शाळा सुटली की वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवून बापाशेजारी सतरंजीवर यायची. त्यांचा तो गोगलगाईचा गेम दोन गड्यांनी मिळून खेळायचा. पडदा पुढच्या गड्याबरोबर सरकतो, त्यामुळे मागच्यासाठी थांबावं लागतं. एकाचे जीव संपले तर बटण दाबून तो जोडीदाराच्या शिल्लक जिवांतला एक घेऊ शकतो. बापलेक एकही प्राणी न मारता शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचायचे. तिथे राक्षस आहे आणि त्याला मारल्याशिवाय गेम संपत नाही. तिथे आले की दोघं कंट्रोलर खाली ठेवायचे आणि टीव्ही बंद करायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तो गेम कधीच पुरा केला नव्हता. "त्येचं घर हाय ते," आप्पा मला समजावत, "आपुनच शिरलोय की आत."

इथवर सगळं गमतीचं होतं. पण पद्मा तिशीला आली आणि स्थळं येऊ लागली, तेव्हा आप्पांनी जावई पारखण्याचं काम त्या निळ्या गोगलगाईकडे सोपवलं. बिनकांद्याचे पोहे झाले की मुलाला आतल्या खोलीत नेत. मुलाकडच्या मंडळींना वाटे, देण्याघेण्याचं काहीतरी असावं, आणि ती सावरून बसत. आत मुलाच्या हातात कंट्रोलर पडे. सांगलीकडच्या एका डॉक्टराने पहिल्याच गोगलगाईवर उडी मारली आणि पोहे पचायच्या आत त्याचं स्थळ बाद झालं. एक पुण्याचा अभियंता चिकटपट्टी सोलून काढत "अंकल, मागे घ्या ना" म्हणाला. एकजण असा सुसाट पळाला की पडदा सरकून आप्पांचा गडी मागच्या मागे चिरडला. जीव संपल्यावर एकाने न विचारता आप्पांचा एक घेतला, म्हणून तो हावरट ठरला. दुसऱ्याने घेतलाच नाही, हात जोडून बसून राहिला, तर तो ताठ ठरला. दोन्ही बाजूंनी बंद असलेला असा बोगदा मी दुसरा पाहिला नाही. काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लेकीला नवरा बघाय लागलाय का तुमच्या खेळाला गडी?" आप्पा कंट्रोलर पुसत बसले. त्यांना कोणताच मुलगा पसंत पडायचा नव्हता, हे घरात सगळ्यांना समजलं होतं. फक्त त्यांना स्वतःला समजलं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही.

मग खानापूरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या सरकारी कार्यालयात होता, शांत, जरा जाडसर, चष्मेवाला. आदल्या दिवशी पद्मा माडीवर आली. फोनवर त्याच्याशी बोलणं झालंय, मनात भरलाय, पण आप्पांना सांगितलेलं नाही, असं म्हणाली. "तुम्ही उद्या खाली या, सर. आप्पांनी ह्येला बी नापास केलं तर मला बोलावं लागंल. आन एकदा मी बोलले की आमचं पयल्यासारखं ऱ्हाणार न्हाय." मी येतो म्हणालो.

खानापूरच्या मुलाने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नव्हता. तो पहिल्या खड्ड्यात पडला, दुसऱ्यात पडला, मग परत पहिल्यात पडला. गोगलगाय तुडवण्याइतकी त्याची उडीच जात नव्हती, त्यामुळे अहिंसेचा प्रश्न आपोआप सुटला. जीव संपले तेव्हा त्याने आप्पांकडे वळून विचारलं, "आप्पा, तुमच्यातला एक घेऊ काय?" आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. आप्पा गडबडून "घे की" म्हणाले. तो परत पडला, परत विचारलं, परत मिळाला. दर वेळी तितक्याच अदबीने विचारायचा आणि घेतला की मनापासून हसायचा. देता देता आप्पांकडे शिल्लक काही उरलं नाही, आणि मग वर्षानुवर्षं पाठ असलेल्या एका फळीवरून त्यांचाच पाय चुकला. त्यांचा गडी गेला. मुलाकडे जवळचा एक आणि शिलकीतला एक असे जीव होते. त्याने आपला गडी फळीच्या कडेला थांबवला आणि आप्पांकडे बघत बसला.

आप्पांनी कंट्रोलर सतरंजीवर ठेवला. "झालं. संपला खेळ," म्हणाले आणि टोपी नीट केली. दारात काकूंनी डोळे मिटून घेतले. पद्मा आत आली, ती सरळ बापासमोर येऊन बसली.

"संपला न्हाय, आप्पा. त्येच्याजवळ एक हाय. मागून घ्या."

"मी मागू?" आप्पा उखडले. "जावयाकडनं मागून घिऊ?"

आपल्या तोंडून काय निघालं, हे सगळ्यांत शेवटी आप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगा हळूच म्हणाला, "घ्या की, आप्पा." आप्पांनी कंट्रोलर उचलला आणि मान खाली घालूनच बटण दाबलं. त्यांचा गडी त्याच्या गड्याशेजारी येऊन उभा राहिला.

लग्न झालं, पद्मा खानापूरला गेली. जावयाने तसंच एक मशीन घेतलं, कारण त्याला दूरच्या माणसाला खेळात घेण्याची सोय आहे. आता दर रविवारी दुपारी पद्मा तिकडून येते, म्हणजे पडद्यावर येते. फोन समोर भिंतीला टेकवलेला असतो. खानापूरचं नेट जंगलाच्या कडेचं, त्यामुळे तिचा गडी मध्येच हवेत थिजतो आणि आप्पा "थांबलोय गं, ये सावकाश" म्हणत खाली उभे राहतात. सतरंजीवरची तिची बसायची बाजू ते अजूनही मोकळी ठेवतात. मग तिची घरच्या कामाची वेळ होते, ती जाते आणि खेळ अर्धाच राहतो. जपून ठेवायचा नाही हा नियम कायम आहे, म्हणून मशीन आठवडाभर चालूच असतं. काकू त्याच्याभोवती केर काढतात. मी सुरुवातीला याची भरपूर चेष्टा केली. आता करवत नाही. जाता-येता खिडकीतून तो एकटा उभा असलेला चिमुकला गडी दिसला की मला खरोखर वाईट वाटतं.

गेल्या रविवारी दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोचले होते. पुढच्या रविवारी चार उड्या मारून राक्षसापाशी आले की नेहमीसारखा टीव्ही बंद करून खेळ आटोपला असता, आणि नवीन संसारातल्या बाईला तेवढंच लवकर मोकळं होता आलं असतं. बुधवारी मी खाली गेलो, तर पडदा काळा. आप्पा वऱ्हांड्यात बसून सुपारी कातरत होते. मी हळहळलो, एवढी मेहनत वाया गेली म्हणालो.

"लाईट गेली सकाळी," आप्पा म्हणाले. "जाऊ द्या. आता ऐतवारी पयल्यापास्नं. लई येळ बसाय लागंल तिला."

मी हो म्हणालो आणि वर आलो. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, मी सकाळपासून घरीच होतो, आणि आमच्या त्या घरात वर-खाली मिळून लाईटची लाईन एकच आहे. माझा पंखा क्षणभरही थांबला नव्हता.