उजव्या कडेचा गडी

शैलजा माणसाकडे पाहते ती पायांपासून वर. जपानातल्या त्सुकुबाच्या विद्यापीठात खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ती गेली कित्येक वर्षं काम करते, त्यामुळे कामानंच ही सवय लावली असेल असं लोकांना वाटतं. पण मूळ आहे कऱ्हाडात. तिथल्या कॉलेजात ती कबड्डीचा उजवा कोपरा धरायची, आणि कोपऱ्यावरच्या मुलीनं चढाईवाल्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं की ती बाद झालीच म्हणून समजायचं. तेव्हापासून नजर पायांवर. लग्न ठरवतानासुद्धा हिनं आधी माझी चाल पाहिली आणि मग पगार विचारला, असं तिचा नवरा श्याम अजून चारचौघांत सांगतो, आणि ती ते खोडून काढत नाही.

अमेरिकन फुटबॉलशी तिचा संबंध येण्याचं तसं काही कारण नव्हतं. विद्यापीठाच्या संघाचे कोच ओकुमुरा-सान एकदा आपली पोरं मोजून घ्यायला प्रयोगशाळेत आले. शैलजा कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. राहवलं नाही म्हणून बोलून गेली, "तुमचा तो तिसरा मुलगा रेटायच्या आधी टाच उचलतो. त्याला कुणीही पाडेल." ओकुमुरा-सान जरा चिडले, मैदानावर जाऊन पाहिलं, आणि पुढच्या शनिवारी तिला न्यायला स्वतः आले. त्या दिवसापासून शनिवार तिचा राहिला नाही.

या खेळात पुढे पाच दांडगे गडी ओळीत वाकून उभे असतात. चेंडूशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. मागून क्वार्टरबॅक नावाचा म्होरक्या "सेट... हट!" असा पुकारा करतो, त्या "हट"बरोबर या पाचांनी उसळायचं आणि समोरच्यांना त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. काम चोख झालं तर त्यांचं नाव कुणी घेत नाही. चुकलं तर म्होरक्या आडवा आणि सगळं मैदान यांच्याकडे बघतंय. शैलजाला हे लगेच पटलं. कबड्डीतल्या साखळीतही मधल्या मुलीचं कौतुक कुणी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्या वर्षी चार जागा ठरल्या होत्या. उरली होती उजव्या कडेची, आणि तिच्यासाठी दोघं होते. एक तेराशिमा, पायांनी संथ पण भरवशाचा. दुसरा अद्वय.

अद्वय आपलाच. आईवडील टोकियोतल्या एदोगावाला राहतात, वडील आयटीत. विद्यापीठासाठी पोरगा त्सुकुबाला आला तेव्हा त्याची आई कश्मिरा त्याला घेऊन शैलजाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "शैलजाताई, याला जेवायला घालू नका, परवडणार नाही. फक्त लक्ष ठेवा." शैलजानं दोन्ही केलं. दर रविवारी तो यायचा, पोळ्यांचा डबा मोकळा करायचा, मराठी प्रश्नाला अर्धं जपानी, अर्धं इंग्रजी उत्तर द्यायचा आणि भांडी घासून जायचा. देह दरवाजा अडवणारा, पण पाय? शैलजा म्हणायची, असे पाय मी माझ्या सगळ्या संघात पाहिले नाहीत.

आणि तिथंच तर गोची होती. प्रयोगशाळेत दिवा लागला की उसळायचं, अशी चाचणी असते. त्यात अद्वय सगळ्या संघात पहिला. गेल्या वर्षी राखीव म्हणून ओळीच्या मधोमध खेळायचा, तेव्हाही तक्रार नव्हती. यंदा उजव्या कडेला नेला आणि गडी बिघडला. पुकारा झाला, बाकीचे चौघं उसळले, की मग हा. फरक डोळ्याच्या पापणीएवढा, पण त्या खेळात तेवढ्यात माणूस बाजूनं निघून जातो. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला तरी तेच. शेजारचा हलला की हा हलतो.

"दिव्याला भीत नाही, माणसाला भितो," ओकुमुरा-सान म्हणाले. "काळीज नाही. शैलजा-सान, तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. शनिवारपर्यंत सांगा. हा खेळू शकेल का?"

शैलजाला राग आला. कोचवर नाही, पोरावर. एवढे पाय देवानं दिलेत आणि हा दुसऱ्याची वाट बघत उभा राहतो! परदेशात वाढलेली लाडावलेली पोरं, कधी मार खाल्लेला नाही, धडपडलेली नाहीत, वगैरे वगैरे ती श्यामपाशी बरंच बोलली. पण मनानं उत्तर दिलं होतं, आणि ते "नाही" होतं. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं तिच्या रक्तात नव्हतं. पण ओकुमुरा-सानना सांगायच्या आधी पोराला सांगायला हवं होतं. त्याला ते नोटीस बोर्डावरून कळलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गुरुवारी सराव संपल्यावर दोघं सायकली हातात धरून मोठ्या रस्त्याच्या कडेनं, गाड्यांच्या गोंगाटात घराकडे निघाली. अद्वयची एक खोड होती. कुणाहीबरोबर चालताना तो हळूच सरकून त्याच्या डाव्या हाताला जायचा. शैलजाला वाटायचं, असेल पोराची काहीतरी पद्धत. त्या दिवशी मात्र तिला त्याच्या तोंडाकडे बघून बोलायचा धीर होईना. जिनं आयुष्यभर भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं, ती मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहिली आणि त्याच्या नकळत त्याच्या डावीकडे सरकली.

"अद्वय, हे बघ. मी शनिवारी ओकुमुरा-सानना सांगणार आहे, याला घेऊ नका म्हणून. तू उशिरा निघतोस. मला वाईट वाटतंय, पण खोटं बोलता येत नाही मला."

बोलून टाकलं. आता तो रडेल, चिडेल, सायकल टाकून निघून जाईल, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं.

"मावशी," अद्वय पुढे बघत मजेत म्हणाला, "आई विचारत होती, गोडा मसाला अजून आहे का तुमच्याकडे? नाहीतर ती पाठवते."

शैलजाचं डोकंच फिरलं. एवढा निर्लज्जपणा! "मी काय सांगतेय तुला?" ती तणतणली. "तुला घेऊ नका म्हणून सांगणार आहे!" अद्वय चालतच राहिला. शैलजा जागच्या जागी थांबली. पुढे गेल्यावर मसाल्याचं उत्तर आलं नाही हे त्याला जाणवलं असावं. तो थांबला आणि तिला शोधायला वळला. उजवीकडे. तिथं ती नव्हती. मग गडबडून पूर्ण मागे फिरला, तेव्हा कुठं ती त्याला दिसली.

पायांपासून वर बघणाऱ्या बाईनं दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या पोराच्या डोक्याकडे नीट पाहिलं.

ती पुढे गेली, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, "या डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही का रे?"

आधी अद्वय "ये... येतं की" म्हणाला. मग "थोडं कमी." मग मान खाली घालून, "काहीच नाही."

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपाच्या वर्षीची गोष्ट. तो तेव्हा शाळेत नुकता जायला लागला होता. एदोगावातली कितीतरी आपली कुटुंबं तेव्हा मिळेल त्या विमानानं घरी गेली, कश्मिराही त्याला घेऊन पुण्याला गेली. घाईत, गर्दीत, अंगात ताप असलेल्या पोराला घेऊन. पुण्यात गालगुंड झाल्याचं कळलं. गाल उतरले, कान गेला तो गेलाच. नस मेली, म्हणाले डॉक्टर. परत आल्यावर कश्मिरानं त्याला मांडीवर घेऊन बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की काढून टाकतात. शाळेत दर वर्षी कान तपासायचे, तेव्हा समोरच्या बाईंचं बोट बटणावर टेकलं की हा हात वर करायचा. दिव्याच्या चाचणीत पहिला येणारच होता पोरगा, डोळ्यांवर जगायचं लहानपणापासून शिकला होता!

आणि उजव्या कडेला उभं राहिलं की म्होरक्याचा आवाज येतो डाव्या अंगानं. मेलेल्या कानाकडून. बिचारा शेजाऱ्याचं पाऊल पाहून निघत होता, आणि तरीही फक्त पापणीएवढा मागे राहत होता. शैलजाला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. धपाटा घातला.

"मावशी, तुम्ही मघाशी काय म्हणत होतात?" त्यानं विचारलं.

"तुला घेऊ नका असं सांगणार होते."

अद्वय तिच्याकडे बघत राहिला आणि खो खो हसत सुटला. "योकात्ता! बरं झालं, ऐकू आलं नाही."

शैलजाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. केवढ्या थोडक्यात वाचलो, असं तिला झालं. हेच वाक्य तिनं सरळ ओकुमुरा-सानना सांगितलं असतं, तर ते मात्र नीट ऐकू गेलं असतं. "उद्या तूच सांगायचंस कोचना," ती म्हणाली. "मी शेजारी उभी राहते. उजवीकडे."

सकाळी त्यानं सांगितलं. कमरेत वाकून, शब्द अडखळत. ओकुमुरा-साननी टोपी काढली, डोकं खाजवलं. मग म्हणाले, "महिनाभर मी तुला भित्रा म्हणतोय." आणि हा कडक, तिरसट माणूस त्या पोरापुढे वाकला. अद्वय आणखी खाली वाकला. आता हे दोघं जमिनीला टेकतात की काय, असं शैलजाला वाटलं.

विद्यापीठाच्या डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पुढचा मार्ग शैलजानं सुचवला. डाव्या कडेला निशिदा होता, चौथ्या वर्षाचा, दोन्ही बाजूंना चालणारा. त्याला उजवीकडे न्या, आणि डावीकडच्या जागेसाठी या दोघांना झुंजू द्या. "दयेनं देऊ नका," तिनं बजावलं. "मी अजून हो म्हटलेलं नाही." ओकुमुरा-साननी निवाडा एका शनिवारानं पुढे ढकलला.

आणि ते बरंच झालं, कारण पहिले दोन दिवस अद्वय डावीकडे भुईसपाट होत होता. सगळंच उलटं. जो पाय मागे असायचा तो पुढे, जो हात आधी मारायचा तो नंतर. तेराशिमा मन लावून खेळत होता, त्याचंच पारडं जड दिसायला लागलं. शैलजा कुंपणापाशी उभी राहून मराठीत ओरडायची, "अरे कंबर! कंबर खाली!" कऱ्हाडात तीही एकदा उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेली होती आणि आठवडाभर स्वतःच्याच पायात अडखळली होती, त्यामुळे पडण्याची तिला काळजी नव्हती. ती एवढंच बघत होती की हा निघतो कधी.

बुधवारी तिला दिसलं. "सेट... हट!" आणि पाचही एकदम उठले. पाचांत पहिला कोण, हे तिला व्हिडिओशिवाय सांगता आलं असतं. समोरचा दांडगा मागे रेटला गेला. पुन्हा तेच. आणि पुन्हा. तेराशिमानं स्वतः हेल्मेट काढून कपाळाचा घाम पुसला आणि "आई शपथ" या अर्थाचं काहीतरी जपानीत म्हणाला.

शनिवारी ओकुमुरा-साननी विचारलं, "मग? खेळू शकेल?"

"पहिल्या सामन्यापासून," शैलजा म्हणाली.

संघाची नावं वाचली गेली, त्यात डाव्या कडेला अद्वयचं नाव आलं. तिचा जीव भांड्यात पडला. पण अद्वय मैदानाच्या कडेला फोन हातात घेऊन नुसता उभा होता. बातमी आनंदाची होती, तरी आईला काय काय सांगावं लागणार, हे त्यालाही कळत होतं आणि शैलजालाही.

"लाव," शैलजा म्हणाली. "स्पीकरवर टाक. मी आहे."

कश्मिरानं फोन घेतला. अद्वयनं मराठीत सुरुवात केली, जपानीत गेला, परत मराठीत आला. "आई, मी कोचना सांगितलं. कानाचं. सगळ्यांना माहीत आहे आता."

अगदी बारीक आवाजात, जणू तापलेल्या पोराला घेऊन ती अजून त्या विमानातच बसली होती, कश्मिरानं विचारलं, "काढलं का रे तुला?"

"नाही गं आई," अद्वय म्हणाला. "दुसऱ्या बाजूला उभं केलं."