निकालाच्या दिवशीचं डायलिसिस

लोकसभेच्या निकालाची तारीख कळली तेव्हा मी आधी वार बघितला. मंगळवार. नायनांच्या डायलिसिसचा वार.

नायना म्हणजे माझे वडील. आम्ही घरात तेलुगू बोलतो. सगळं आयुष्य त्यांनी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर काढलं आणि उरलेला वेळ पक्षाला दिला. किडन्या गेल्यावर काम सुटलं, पक्ष सुटला नाही. या प्रचारातही चालवत नव्हतं, तरी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून मत मागायचे.

मला भीती होती डायलिसिस सेंटरमधल्या त्यांच्या शेजारच्या पलंगाची. तिथं दुधनीकडचे एक काका असायचे, धान्याचे व्यापारी. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि पक्के दुसऱ्या पक्षाचे. दोघं शेजारी पडून आपापलं रक्त मशीनमधून फिरताना बघायचे आणि गमतीनं भांडायचे. प्रचार तापला तशी गंमत आटत गेली. एकदा काका म्हणाले, "तुमचा मानूस पडतोय बघा. डिपॉझिट तरी वाचवा म्हनावं." नायनांनी मान भिंतीकडे वळवली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मंगळवारी सकाळी वजन केलं तर काटा फारच पुढं गेलेला. आदल्या संध्याकाळी कार्यकर्ते घरी बसून होते, त्यांच्याबरोबर यांचेही चहा झाले होते. टेक्निशियन म्हणाला, "बाबा, पाणी लई साठलंय. आज जास्त काढावं लागणार." जास्त पाणी काढलं की बीपी पडतं, हे मला माहीत होतं. "आजच्या दिवस टीव्ही बंद ठेवा," मी त्याला हळूच म्हटलं. पण सगळे पेशंट ओरडायला लागले. शेवटी आवाज बंद करून टीव्ही चालू राहिला.

पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा, अठ्ठेचाळीस जागा, आणि सारखे बदलणारे आकडे. नायनांच्या पक्षाचा आकडा वर सरकायचा आणि परत खाली यायचा. दुपार होत आली तसा तो खालीच राहिला. मी टीव्हीकडे कमी आणि मशीनकडे जास्त बघत होते. मधेच खालच्या पट्टीत आमच्या मतदारसंघाचं नाव आलं. नायनांचा माणूस मागं होता. लगेच रस्त्यावर फटाके सुरू झाले.

नायनांनी जांभई दिली. मग आणखी एक. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, आणि मशीन ओरडायला लागलं. "सिस्टर!" मी हाक मारली. टेक्निशियन धावत आला. त्यानं नायनांचं डोकं खाली घेतलं, पाय वर केले, सलाइन सोडलं. नायनांचे डोळे वर गेलेले. मी त्यांचा पाय धरला, तो गार होता. "नायना! नायना!" घरी आई वरणभात करून वाट बघत असणार. तिला फोन करून मी काय सांगणार होते? बाहेर फटाके वाजत होते.

"ओ, टीव्ही बंद करा आदी!" काका ओरडले. त्यांचा हात मशीनला जोडलेला, उठता येत नव्हतं. "बंद करा की!"

सिस्टरनं टीव्ही बंद केला. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी कापला, तो परत वाजला. तिसऱ्या वेळी उचलून ते म्हणाले, "हार-बीर काय बी आनू नका. हितं शेजारचा मानूस पडून हाय अन् तुमाला गुलाल सुचतोय? ठेवा फोन." म्हणजे त्यांचा उमेदवार निवडून आला होता. मग माझ्याकडे वळून ते कन्नडमध्ये म्हणाले, "अंजब्याड." मला कन्नड येत नाही, पण भिऊ नको म्हणतायत एवढं कळलं. तरी मी भीतच होते.

किती वेळ गेला कोण जाणे. नायनांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"बीपी पडलं होतं, नायना."

"ते न्हाई. आपल्या सीटचं काय झालं?"

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला लागले. काकाच म्हणाले, "अजून मोजायलेत की ओ. काय बी कळंना झालंय."

बाहेर फटाक्यांची मोठी माळ लागली. ती संपेपर्यंत नायना काकांकडे बघत राहिले. "मग ही माळ कुनाची?"

"लग्न असंल कुटंतरी."

"मंगळवारी? भर दुपारी?"

"आमच्याकडं लागत्यात," काका म्हणाले. नायनांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांना सगळं कळलं होतं, पण त्यांनी पुढं विचारलं नाही.

परत जाताना रिक्षा मिरवणुकीत अडकली. डीजेच्या आवाजानं रिक्षाचा पत्रा थरथरत होता. नायनांच्या हातावरच्या पट्टीला कुणाचा धक्का लागला तर रक्त थांबणार नाही, म्हणून मी तो हात दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. शेवटी रिक्षावाल्यानं गाडी एका बोळातून काढली. घरी पोचल्यावर नायना थोडा वरणभात जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढच्या वेळी सुया लागल्यावर नायनांनीच आधी तोंड उघडलं. "अभिनंदन करतो तुमचं."

"कशाचं ओ? राज्यात आमचे जास्त आले, पन दिल्लीत तुमीच बसनार."

"मग? बसनारच."

"किती दिवस बगू की!"

दोघांचे आवाज चढायला लागले तसा टेक्निशियन रागावला आणि दोघांनाही गप्प बसायला सांगितलं. ते हसले. मला हसू आलं नाही. मी स्टूल नायनांच्या पायाशी ओढलं आणि मशीन थांबेपर्यंत तिथून हलले नाही.