मीटरला कुंकू

बिलाचा कागद बाई आधी माझ्या खिडकीच्या फळीवर पसरायच्या. मग दोन्ही तळहातांनी मधून कडेकडे नेत त्याच्या घड्या मोडायच्या. कात्री लावण्याआधी कापड सपाट करतात ना, अगदी तसं. कागद मनासारखा सपाट झाला की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मुन्शीजी, वाचून नका दाखवू. समजून सांगा."

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. नांदेडात घरोघरी वीज यायला नुकती सुरुवात झाली होती आणि मी वीज कार्यालयात बिलाच्या खिडकीवर कारकून होतो. मुखेडच्या शाळेत उर्दू शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर ही नोकरी मिळाली होती. बिलं उर्दूत, महिने सरकारी फसली सनाचे, रक्कम निजामाच्या हाली रुपयांत. लोक बिल घेऊन यायचे, मी ते खड्या आवाजात वाचून दाखवायचो, ते मान डोलवायचे आणि पैसे काढून द्यायचे. त्या मान डोलावण्याने मी भलताच फुगलो होतो. खिडकीमागचे असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. विशीतला मी त्यांच्यातलाच एक.

बाई शिवणकाम करायच्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने उंच, गळ्यात मापाची फीत, कमरेच्या पिशवीत खडूचा तुकडा आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ज्याच्या नावाचं ते कुंकू, तो नवरा बारा वर्षांपूर्वी मुंबईला गिरणीत म्हणून गेला होता आणि त्याचं एक कार्डही आलं नव्हतं. सासर अहमदपूरकडचं. तिथे दिराची शेती होती आणि मोठं खटलं होतं. त्या खटल्यात भाकरी थापत जन्म काढायचा नाही, असं ठरवून बाई हातमशीन घेऊन नांदेडला आल्या आणि जुन्या गावातल्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या.

महायुद्धाच्या दिवसांत रॉकेल कुपनावर मिळायचं, तेही कधी मिळायचं, कधी नाही. चिमणीच्या उजेडात त्यांना सुईत दोरा ओवता येईना. म्हणून त्यांनी वीज घेतली. एकच दिवा, मशीनच्या बरोबर वर. मीटर स्वतःच्या नावावर. आमच्या वहीत बाईमाणसाच्या नावाची ती पहिलीच नोंद, आणि ती करताना माझ्या हाताला जरा जड गेलं, हे कबूल करतो.

पहिल्या बिलालाच आमची जुंपली. मी वाचलं, इतके युनिट, इतकी रक्कम, मीटरचा किराया इतका, मागील बाकी निरंक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि किरायाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मीटर माझ्या भिंतीवर ऱ्हातंय. मग भाडं त्यानं द्यावं का मी?"

मागे उभ्या असलेल्या रांगेत हशा पिकला. मी म्हणालो, कायदा आहे. त्या म्हणाल्या, कायदा असंल, पण का आहे ते सांगा. शेवटी आमचा लाइनमन मदतीला धावला. मीटर खात्याच्या मालकीचं आहे, बिघडलं तर बदलून ते देतं, म्हणून भाडं, असं त्याने सांगितलं. बाईंचं लगेच समाधान झालं. शिलाईचं मशीन भाड्यानं आणलं तर द्यावंच लागतंय की, म्हणाल्या, आणि पैसे मोजून गेल्या. आपल्याला बिल वाचता येतं पण कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. अर्थात मी ते कुणाला बोललो नाही.

दर महिन्याला हे चालायचं. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण ओळींच्या जागा त्यांनी पाठ केल्या. पहिली ओळ जळालेल्याची, दुसरी भाड्याची, तिसरी मागल्याची. महिन्याला त्यांचे सहा युनिट व्हायचे, कधी सात. सातचं बिल आलं की त्या स्वतःच सांगायच्या, लगीनसराई होती, दिवा जास्त जळाला.

आणि मग दसऱ्यानंतरचं बिल आलं. एकशे सहा युनिट.

मी आकडा वाचला तेव्हा त्यांचे हात कागदावरच थांबले. त्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या शिलाईएवढी ती रक्कम होती. पंधरा दिवसांत भरली नाही तर तार कापायची, असा नियम. त्यांनी विचारलं, चूक तर झाली नाही ना. मी वही काढली. मागचं वाचन एकशे बावन्न, या वेळचं दोनशे अठ्ठावन्न, वजाबाकी बरोबर. मीटर वाचणाऱ्याला पुन्हा पाठवलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, दोनशेच आहेत. मी बाईंना सांगितलं की कागद खोटं बोलत नाही. ते वाक्य आजही मला टोचतं.

बातमी अहमदपूरकडे पोचायला वेळ लागला नाही. दीर बैलगाडी घेऊन हजर झाले. माणूस वाईट नव्हता, पण घरची बाई परगावी एकटी राहते याची त्यांना लाज वाटायची आणि इतक्या वर्षांत निमित्त सापडलं नव्हतं. ते आता सापडलं. त्यांनी सरळ सांगून टाकलं की तार कापली की सामान गाडीत भरायचं, मशीन विकून बिल भरायचं आणि गावी चलायचं. गाडी दारात सोडून ते ओसरीवर मुक्कामाला बसले. गल्लीने ओळखलं, बाईंचं नांदेड संपलं.

बाई मात्र गाडीकडे न बघता माझ्या खिडकीशी आल्या. मीटर मोजतं कसं, ते समजून सांगा, म्हणाल्या. मला कुठे येत होतं? पुन्हा लाइनमनला बोलावलं. कार्यालयाच्या भिंतीवर एक मीटर होतं. त्याच्या काचेआड चार छोटी घड्याळं, प्रत्येकात एक काटा. एक हजाराचं, एक शेकड्याचं, एक दहाचं, एक एकाचं. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा धरायचा. बाईंनी खडू काढून माझ्या फळीवर चार वाटोळी काढली, काटे काढले, पुसले, पुन्हा काढले. त्यांच्या शेजारी उभा राहून मीही शिकलो, पण तोंडावर मात्र असा भाव ठेवला की हे सगळं मला आधीपासून ठाऊक आहे.

चार दिवसांनी त्या परत आल्या. रोज संध्याकाळी दिवा लावताना आणि मालवताना त्यांनी दारातून एकाचा काटा पाहिला होता. चार दिवसांत तो एक घरसुद्धा पुरता सरकला नव्हता.

"शंभर युनिट जाळायला मला दीड वरीस लागंल, मुन्शीजी. महिन्यात कसे जळतील? एक तर मीटर खोटं, न्हाई तर बघणारा."

मी म्हणालो, मग शेकड्याचा काटा दोनावर कसा? त्यांनी खडू पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, जवळ जाऊन बघते.

आता तुम्ही म्हणाल, इतके दिवस कुणीच जवळ जाऊन का पाहिलं नाही? त्याचं असं, मीटर होतं आतल्या खोलीत, देवाच्या फळीच्या वर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही इतकं उंच, आणि बाईंना काटे खालूनही दिसत होते. मीटर वाचणाऱ्याच्या पायात नाडीचे बूट. देवाच्या खोलीत बूट चालायचे नाहीत आणि घरोघर नाड्या सोडायचा त्याला कंटाळा. म्हणून तो उंबऱ्यातूनच मान उंच करून वाचायचा. दोन्ही वेळा त्याने तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच बाई दारात उभ्या होत्या. मागे दीर, तोंड आंबट करून. बाईंनी थेट आमच्या मोहतमीम साहेबांना, म्हणजे मुख्य अधिकाऱ्यांनाच गाठलं. साहेब हैदराबादचे, कडक इस्त्रीचे, मराठी जेमतेम समजणारे. बाई म्हणाल्या, चूक कुठे हाय ते मला सापडलंय, पण मी हात लावलेला नाही. मी पुसलं तर तुम्ही म्हणाल, हिनंच काटा फिरवला. तुम्ही स्वतः चला. मी भीत भीत त्याची उर्दू केली. साहेबांनी टोपी घातली.

टांगा गल्लीत शिरला तेव्हा सगळी दारं उघडी होती. साहेबांनी उंबऱ्याशी स्वतःचे बूट काढले, म्हणून मीटर वाचणाऱ्यालाही काढावे लागले. आत बाईंनी स्टूल ओढलं आणि वर चढता चढता म्हणाल्या, "भावजी, स्टूल धरा." दिरांनी इकडे तिकडे पाहिलं. पण दुसरा भावजी खोलीत नव्हता. त्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

मीटरच्या काचेवर कुंकू होतं. दसऱ्याला आपण हत्याराची, यंत्राची पूजा करतो. बाईंनी मशीनची केली आणि मशीनला उजेड देतं म्हणून मीटरचीही केली. हात सढळ होता. कपाळावर रुपयाएवढं लावणाऱ्या बाईने मीटरलाही रुपयाएवढंच लावलं होतं, आणि ते बरोबर शेकड्याच्या घड्याळावर बसलं होतं. त्या घड्याळातला एक हा आकडा कुंकवाखाली झाकलेला, काट्याचं टोक तेवढं कडेला दिसणारं. उंबऱ्यातून पाहणाऱ्याला दोनच वाटावेत असं.

"चूक माझी हाय, साहेब," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "कुंकू मी लावलं. पण शंभर युनिट मी जाळले न्हाईत."

आणि त्यांनी पदराचं टोक ओलं करून काच पुसली. काटा एक आणि दोन यांच्या मध्ये होता. लहान आकडा धरायचा. बिलावरचे दोनशे अठ्ठावन्न म्हणजे खरे एकशे अठ्ठावन्न. सहाच युनिट.

साहेबांनी मान उंच करून काटा पाहिला. मग हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "बाई, तुम तो मीटरको दुल्हन बना डाले," म्हणाले, आणि तिथल्या तिथे बिल दुरुस्त करायचा हुकूम दिला. मी देवाच्या फळीखाली मांडी घालून एकशे सहाचे सहा केले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कागद लिहिले, पण इतक्या आनंदाने लिहिलेला तो एकच.

एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. गल्लीतल्या सगळ्या मीटरांची पूजा झाली होती. त्यांनी साहेबांना घरोघर नेलं. तीन घरांत युनिट जास्त निघाले, ते कमी झाले. एका घरात मात्र कुंकवाने उलटी मेहेरबानी केली होती आणि बिल कमी आलं होतं. त्या घरची शेजारीण दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली. बाईंनी तिला बाजूला केलं, काच पुसली आणि म्हणाल्या की जळालंय तेवढं भरायचं. शेजारीण महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग पोलकं शिवायला आलीच.

दीर जेवून निघाले. जाताना त्यांनी भावजयीला काही विचारलं नाही आणि चलही म्हटलं नाही. फक्त पिशवीतून मांजरपाटाचा तुकडा काढून दिला आणि एक बंडी शिवून ठेव, पुढल्या खेपेला नेतो, म्हणाले. बैलगाडी रिकामी गेली. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून ती वळणापर्यंत जाताना बघत होत्या आणि एकीलाही हसू आवरत नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझ्या खिडकीशेजारी मराठीत लिहिलेला कागद लागला. त्या काळी, त्या कार्यालयात, मराठी कागद. साहेबांनीच परवानगी दिली. अक्षर माझं, मजकूर बाईंचा: पहिली ओळ जळालेल्याची, दुसरी भाड्याची, तिसरी मागल्याची, आणि काचेवर कुंकू लावू नये. मीटर वाचणाऱ्याने नाडीचे बूट टाकून वहाणा घेतल्या. बाई दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायांना खडूने घड्याळं काढून दाखवायच्या, आणि त्या बाया माझ्या खिडकीशी येऊन मला प्रश्न विचारायच्या. माझं विद्वान होणं तिथेच संपलं. खरं सांगतो, त्यानंतरच मला माझं काम आवडायला लागलं.

पुढे राजवट गेली, हाली रुपया गेला, माझी लातूरला बदली झाली आणि तिथेच मी रमलो. बाई वारल्या, ते मला वर्षभराने कळलं. शेवटपर्यंत मशीन चालवत होत्या, असं लाइनमन म्हणाला. मला फार वाईट वाटलं. निरोप घ्यायला मी कधी गेलोच नव्हतो.

मध्ये कितीतरी वर्षं गेली. एका दसऱ्याला नांदेडात होतो, तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. दोन खोल्यांत आता दुसरंच कुटुंब होतं. मी जुन्या ओळखीचा म्हणून सांगितल्यावर घरच्या सूनबाईंनी आत बोलावलं. मी उंबऱ्याशी चपला काढल्या.

देवाची फळी तिथेच होती. वरचं मीटर बदललेलं, आकड्यांचं, नव्या पद्धतीचं. काच लख्ख. आणि मीटरखालच्या लाकडी पाटावर, काचेपासून चांगलं चार बोटं दूर, ताजं कुंकू. रुपयाएवढं.

मी विचारलं, काचेवर का नाही लावलं?

"काचंवर न्हाई लावत," त्या म्हणाल्या. "ह्या गल्लीत तशी रीतच हाय, काका."

रीत कुणी घातली, ते त्यांना माहीत नव्हतं. मी खिशातलं आपट्याचं पान काढलं आणि टाचा उंचावून त्या पाटावर ठेवलं, काचेला लागणार नाही असं.