काळं नेमकं काय होतं

नरडाण्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दर सोमवारी खिचडी झाली की मुलांना लोहाची निळी गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. गरज होतीच. आठवीतली एक मुलगी तर परिपाठात प्रतिज्ञा संपायच्या आत चक्कर येऊन खाली बसायची.

गोळीनं शौचाला काळी होते, हे मुलांना आधीच सांगा, असं उपकेंद्रातल्या सिस्टर बजावून गेल्या होत्या. पण आमचे मुख्याध्यापक फार सभ्य. स्वच्छतागृहालासुद्धा ते 'तिकडे' म्हणत. असला शब्द परिपाठात नको म्हणून त्यांनी स्वतःच माईक घेतला. गोळीमुळे रंग थोडा काळपट होईल, घाबरू नका, एवढं सांगितलं आणि खाली उतरले. कशाचा रंग, ते बोललेच नाहीत.

गोळ्या वाटल्या, मुली पाणी प्यायल्या, आणि शाळा सुटल्यावर कडुनिंबाखाली निळ्या गोळ्यांचा सडा पडलेला. आठवीच्या वर्गात चौकशी केली. मग कळलं, की गॅदरिंग होईपर्यंत काळं व्हायचं नाही असं सगळ्यांचं ठरलंय.

मी समजावलं खरं, पण तोवर बातमी घरोघर गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या चक्करवाल्या मुलीची आजी, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, चार बायका घेऊन ऑफिसात आली.

"पोर काळी पडनी ते तिन्हासंगे लगीन कोन करी?" तिनं मुख्याध्यापकांना विचारलं.

सर माझ्याकडे बघू लागले. मी सरळ सांगून टाकलं, "अक्का, पोरगी नाही काळी होत. शी काळी होते."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का हसली नाही. आधी सरांनी गोळी खावी, मग बघू, असं तिचं म्हणणं. सरांचा डबा नुकताच झाला होता, त्यामुळे उपाशीपोटीचं कारणही उरलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर गोळी गिळली.

दोन दिवसांनी अक्का सकाळीच फाटकात हजर. सर मोटरसायकल लावत होते, मुलं परिपाठाच्या रांगेत उभी होती.

"व्हयनी का काळी?"

सरांनी हेल्मेट काढलं नाही. आतूनच म्हणाले, "झाली."

तिनं त्यांना हेल्मेट काढायला लावून चेहरा नीट न्याहाळला. तो होता तसाच होता, फक्त जरा लाल झाला होता.

"मंग हाई पहिलेच सांगानं व्हतं ना," ती म्हणाली आणि घरी गेली.

पुढच्या सोमवारी तिनं वर्गात येऊन नातीला गोळी गिळायला लावली, आ करून जीभही तपासली. मग स्वतःसाठी एक मागितली. मी तिला उपकेंद्रात पाठवलं, तर तिचंही रक्त कमी निघालं. आता दोघी घेतात. नात दिवाळीनंतर खो-खोच्या संघात आली.

यंदा पालकसभेत सिस्टर मासिक पाळीवर बोलल्या. कुठला शब्द वापरायचा, ते सरांनी त्यांच्यावरच सोडलं होतं. स्वतः मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसून राहिले, पंख्याकडे बघत.