न सापडलेली भिंत

शर्यतीआधी माझे हातपाय गार पडायचे, म्हणून पोहणं शिकवणाऱ्या सरांनी मला एका मॅडमकडे पाठवलं. त्या खेळाडूंच्या मनाची तयारी करून घ्यायच्या. खांदेश्वरला एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांची खोली होती. तिथे खुर्चीत बसून मी डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात शंभर मीटर पोहायचे. शेवटी भिंतीला हात लागला की मी बोट वर करायचं आणि त्यांनी स्टॉपवॉच थांबवायचं.

एका दुपारी परतीच्या फेरीत भिंत आलीच नाही. मी हात मारत राहिले. तळाच्या निळ्या लाद्या संपल्या आणि खाली नुसतं काळं पाणी उरलं. भीती वाटत नव्हती. उलट, असंच पुढे जात राहावंसं वाटत होतं. मग फार लांबून कुणीतरी मला हाक मारली.

डोळे उघडले, तर मॅडम माझे खांदे धरून हलवत होत्या.

"अगं, किती वेळ हाका मारतेय! कुठे होतीस?"

"पाण्यातच."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उजेडात धरला. माझ्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ पोहल्यावर होतात तशी. त्या दिवशी मी पूलवर गेलेही नव्हते.

मॅडमनी डोळे मिटून करायचा तो सराव बंद केला. पुढे शर्यतीत मी तिसरी आले. पण हाताला लागलेली भिंत मला सोडवेना. शेजारच्या लेनमधली मुलगी म्हणाली, "संपली रेस. आता कसलं टेन्शन घेतेस? चल, बाहेर ये."