उक्बाझगीने गाळलेलं नाव

उक्बाझगीचं खरं आडनाव देकेमहारे गावात कोणालाच माहीत नव्हतं. आडनाव म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. त्या डोंगरी मुलखात आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, एवढीच माळ असते आणि आजोबाचं नाव आडनावाचं काम करतं. उक्बाझगीच्या बापाचं नाव मेंगिस. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आजोबाचं नाव मात्र झिबी होतं, आणि झिबी म्हणजे तरस.

पोराचं नाव तरस कोण ठेवतं, असं धोंडू-दगडू ठेवणाऱ्यांनी तरी विचारू नये. उक्बाझगीचा पणजोबा बाईरू. त्याच्या बायकोची पोरं एकामागून एक जात होती. संतांची, देवदूतांची नावं ठेवून झाली, नवस झाले, काही उपयोग नाही. पुढचं पोर जन्मलं तेव्हा सुईण वैतागून म्हणाली, "देवाची नावं ठेवलीस, ती देवाने उचलली. याला आता तरस म्हण. तरस सगळ्यांना खातं, पण तरसाला कुणी खाल्लेलं ऐकलंयस का कधी?" नाव ठेवलं आणि पोर जगलं. चांगलं म्हातारं होऊन, नातवंडांना खांद्यावर खेळवून मेलं. तरी दुसऱ्या कोणी ते नाव उचललं नाही. त्यांच्या अदी गुलबा गावात नाही, आसपासच्या खोऱ्यांत नाही. उक्बाझगीने उभ्या आयुष्यात दुसरा झिबी पाहिला नाही.

कारण सरळ होतं. काही घरांची नजर वाईट असते आणि त्या घरातली माणसं रात्री तरस होऊन फिरतात, नजरेने दुसऱ्याला खातात, असं तिथे मानतात. शिकलेसवरलेलेही मानतात, फक्त हसत हसत मानतात. आजोबा होता तोवर त्याच्या हसऱ्या स्वभावापुढे कोणाची बोलायची छाती झाली नाही. तो गेला आणि नाव तेवढं मागे राहिलं.

उक्बाझगीचा एक सवंगडी होता, आमान. दोघं दिवसभर शेळ्यांमागे असत. आमान तापाने फणफणला, बडबडू लागला. मांत्रिकाने घर पाल्याच्या धुराने भरलं आणि त्याला गदागदा हलवून विचारत राहिला, "कोण खातंय तुला? नाव घे त्याचं!" तापातलं पोर कोणाचं नाव घेणार? ज्याच्याबरोबर दिवसभर खेळलं, त्याचंच. "झिबींचा उक्बाझगी," असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

मग जे व्हायचं ते झालं. विस्तव मागायला गेलं तर चूल विझलीय म्हणत. उक्बाझगी वाटेने चालला की बाया पोरांच्या तोंडावर पदर ओढत. उक्बाझगीला तर आमानसाठी रडायचीही सोय राहिली नाही, कारण रडला असता तरी लोक म्हणाले असते, बघा कसं नाटक करतोय. मिसरूड फुटल्या फुटल्या त्याने गाव सोडलं.

देकेमहारेत पिठाच्या गिरणीवर काम मिळालं. मालकाने विचारलं, "नाव काय रे? तिघांचं सांग." उक्बाझगी जरा घुटमळला आणि म्हणाला, "उक्बाझगी मेंगिस बाईरू." आजोबाला ओलांडून तो पणजोबावर गेला. इतकं सोपं होतं ते. मालक "बरं" म्हणाला आणि खराटा त्याच्या हातात दिला.

पुढे गिरणी त्याच्याच ताब्यात आली. ज्वारी, टेफ, बार्ली घेऊन अर्धं गाव त्याच्या दारात यायचं. बाया पोरांना त्याच्या पायाशी बसवून गप्पा मारायच्या, आणि तो पिठाने पांढरा झालेला माणूस मनात म्हणायचा, ह्यांना माहीत नाही म्हणून. अल्गानेशशी लग्न झालं. तिलाही त्याने ताकास तूर लागू दिली नाही. एकच मुलगी झाली, अझ्मेरा.

तिथे पोरांना पूर्वजांची नावं पाढ्यासारखी पाठ करवतात. बाप, आजोबा, पणजोबा, मागे मागे. अझ्मेरा बोबडं बोलायला लागल्यापासून त्याने तिला शिकवलं, "उक्बाझगी, मेंगिस, बाईरू, गिलाय, नौद, सेबहातू, एम्बाये." पोर टाळ्या वाजवत म्हणायची. बापाने लेकीला पाढाच चुकीचा शिकवला, आणि इतकी वर्षं घोकून घोकून तो त्यालाही खरा वाटायला लागला.

हा पाढा नुसता मिरवायला नसतो. लग्न ठरताना दोन्हीकडची नावं मोजतात. कोणत्याही एका बाजूने सातव्या पिढीपर्यंत दोघांचा पूर्वज एक निघाला, तर ती भावंडं. मग कितीही प्रेम असो, लग्न नाही. चर्चही लावत नाही आणि समाजही लावत नाही.

अझ्मेराचं मूसियेवर प्रेम होतं. मूसिये गाड्या दुरुस्त करायचा, मितभाषी आणि कामाचा. त्याच्याकडचे वडीलधारे मागणी घालायला आले, तेव्हा सोबत त्याचे थोरले काका होते, अबोय बोक्रे. अबोय म्हणजे बाबा. साऱ्या गावाचे ते बाबाच. वंशावळीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"म्हण बाळ," ते अझ्मेराला म्हणाले.

अझ्मेराने मान ताठ करून म्हटलं. बोक्रे एकेका नावाला एकेक बोट मिटत गेले. एम्बाये आला आणि त्यांचं बोट तसंच राहिलं.

"कुठला एम्बाये? नदीकाठचा? ज्याने चर्चला घंटा दिली तो?"

"तोच," उक्बाझगी म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"अरे देवा." बोक्रेंनी हात मांडीवर टेकले. "मूसियेच्या आजोळचा मूळ पुरुष तो. आमच्याकडून तो नववा लागतो, त्याचं काही नाही. पण हिच्याकडून सातवा आला. सातव्यात आला म्हणजे संपलं. ही त्याची बहीण झाली."

अझ्मेरा म्हणाली, "अबोय, परत मोजा ना."

त्यांनी परत मोजलं. सातच आले. ते तरी काय करणार? "येत्या रविवारी रीतीने येऊन शब्द परत घेऊ," ते म्हणाले. "भांडण नको. एकत्र जेवू आणि मोकळे होऊ."

उक्बाझगीच्या ध्यानात आलं ते तेव्हा. झिबी धरला तर एम्बाये आठवा होता. लग्नाला काडीची आडकाठी नव्हती. आडवा आला होता तो त्याचा स्वतःचा खोटेपणा.

तो आठवडा कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. अझ्मेरा भिंतीकडे तोंड करून पडलेली. अल्गानेश तिच्या उशाशी बसून नशिबाला बोल लावत होती. "माझ्या पोरीच्याच वाट्याला का? कोण कुठला तो एम्बाये!" आणि ज्याच्यामुळे हे झालं, तो शेजारच्या खोलीत चहा गार करत बसला होता. ह्या माणसाचा मला राग येतो, खरं सांगतो. एक शब्द तर उच्चारायचा होता. पण ज्याच्या तोंडावर कोणी कधी दार लावलं नाही, त्याने असं म्हणणं सोपं असतं.

शनिवारी त्याला युक्ती सुचली. एक नाव राहून गेलं होतं असं सांगायचं आणि तिथे एखादं गोंडस नाव बसवायचं. तेस्फामिकाएल. मिकाएल देवदूताची आशा, कोणाला खटकणार? आठ भरतील, पोरीचं लग्न होईल, गिरणी चालू राहील. त्या रात्री तो पहिल्यांदा नीट झोपला.

रविवारी दुपारी पाहुणे आले. बोक्रे, मूसियेचे आईवडील, मूसिये, आणि त्याची आजी अदेय हिदात. अदेय म्हणजे आई. ह्या आईपुढे सगळं घर चळाचळा कापायचं. अल्गानेशने रडत रडत का होईना, झिग्नीचं लालभडक कालवण रटरटवलं होतं, मोठ्या थाळ्यात आंबोळीसारखा जाळीदार इंजेरा पसरला होता. कॉफी भाजल्याचा वास घरभर होता.

"अबोय," उक्बाझगी म्हणाला, "पाढ्यात एक नाव राहिलंय."

बोक्रेंनी भुवया वर केल्या. "राहिलंय? एवढ्या वर्षांनी आठवलं?"

"मीच गाळलं होतं. माझ्या आजोबाचं. मेंगिसचा बाप बाईरू नव्हे. मधे एक आहे."

अझ्मेरा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. तिने बापाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी आशा होती की त्याच्याने बघवेना.

"मग सांग की," बोक्रे म्हणाले. "काय नाव आजोबाचं?"

तेस्फामिकाएल जिभेवर तयार होतं. उक्बाझगीने तोंड उघडलं आणि त्याला तो म्हातारा आठवला. खांद्यावर घेऊन मक्याचं कणीस भरवणारा, दात पडलेला, सदा हसणारा. एका बाईने आपलं पोर जगावं म्हणून जगातलं सगळ्यात ओंगळ नाव पत्करलं. तो जगला म्हणून मेंगिस, म्हणून आपण, म्हणून ही दारात उभी असलेली पोर. आणि तिच्यासाठी म्हणून त्यालाच पुन्हा पुसायचं? त्याला स्वतःची लाज वाटली आणि ते गोंडस नाव त्याने सोडून दिलं.

"झिबी," तो म्हणाला. "झिबी बाईरू. अदी गुलबाचा."

बोक्रेंनी सवयीने बोटं मिटली. उक्बाझगी, मेंगिस, झिबी... एम्बाये आठवा आला. ते हळूच म्हणाले, "आठ. मोजणीने अडचण राहिली नाही."

"राहिली नाही कशी?" अदेय हिदात कडाडल्या. त्यांनी शाल तोंडावर ओढून घेतली होती, फक्त डोळे दिसत होते. "अदी गुलबाचं तरसाचं घर! मी ऐकलंय. ह्यांच्या पोराने एक पोर खाल्लं होतं. त्या पोराने मरताना नाव घेतलं होतं."

"ज्याचं नाव घेतलं ते पोर मी," उक्बाझगी म्हणाला. "आणि तो माझा मित्र होता, अदेय. त्याला ताप होता. मी कोणाला खाल्लं नाही."

"असं तर सगळेच म्हणतात!"

अल्गानेश नवऱ्याच्या कानाशी आली. "मला का नाही सांगितलंस?" ती पुटपुटली. "मी पळून गेले असते, असं वाटलं तुला?"

"हो," तो म्हणाला. तिने तोंड फिरवलं. ते उत्तर तिला फार लागलं.

मूसियेचे वडील उठले. "मोजणीचं ठीक आहे," ते खाली बघत म्हणाले. "पण घरी जरा विचार करावा लागेल. कळवतो आम्ही." कळवतो म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. थाळ्याला कोणी हात लावला नव्हता. एरवी अन्नाला न शिवता उठणं म्हणजे यजमानाच्या थोबाडीत मारण्यासारखंच, पण आज शिवायची हिंमत कोणाला होती? तरसाच्या घरचं, त्याच्या नजरेखालचं अन्न. बोक्रेंनीसुद्धा काठी उचलली. अझ्मेरा चौकटीला धरून उभी होती, आणि उक्बाझगीला वाटलं, आपण खरं बोलून पोरीला बुडवलं. खोटं बोललो असतो तर ती हसत असती.

पाहुणे अंगणात उतरले. मूसिये सगळ्यांच्या मागे होता. तो उंबऱ्यापर्यंत गेला, एक पायताण चढवलं, मग ते परत काढलं आणि आत येऊन थाळ्यापाशी मांडी घालून बसला.

"अबोय," तो उक्बाझगीला म्हणाला, "भूक लागलीय मला."

"घे ना बाळ, घे," उक्बाझगी घाईने म्हणाला.

"असं नको. तुमच्या हाताने भरवा."

त्या मुलखात घास भरवणं ही घरच्यांची रीत. परक्याला भरवला की तो घरचा झाला. उक्बाझगीने इंजेरा तोडला, कालवणात बुडवला, मांसाचा तुकडा गुंडाळला. घाईत लाल रस्सा मूसियेच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकला. मूसियेने तोंड उघडलं.

"थुंक!" अंगणातून आजी किंचाळली. "मूसिये! थुंक आधी ते!"

मूसियेने सावकाश चावलं. सगळ्यांच्या देखत गिळलं. बाहेर आजीने शालीत तोंड खुपसून, मेल्यावर रडतात तसा गळा काढला, आणि तो आवाज ऐकून मूसियेचा चेहरा क्षणभर उतरला, पण तो जागचा हलला नाही. उक्बाझगीच्या पिठाळ, रश्शाने माखलेल्या हाताचं मनगट त्याने धरलं.

"आणखी," तो म्हणाला.