शेठजींच्या गादीमागचा समुद्र

चाळिशी उलटल्यावर मी रंगपेटी हाती घेतली, आणि माझा एकमेव गुरू वाशीममधल्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठजींच्या गादीमागे भिंतीवर टांगलेला होता. इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याने या वयात चित्रे काढावीत, हे माझे मलाच चमत्कारिक वाटे. म्हणून रविवारी, गिऱ्हाइके नसताना, मी तिथे कोपऱ्यात जाऊन बसे.

चित्र जलरंगातले. गाव सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या कापूस-दलालाच्या लिलावात शेठजींनी ते उचलले होते. किनाऱ्यावरची जुनी विलायती वखार, निशाण, छत्रीखाली खुर्चीत बसलेला साहेब आणि पाठीवर कापसाच्या गाठी घेऊन होड्यांकडे निघालेले हमाल. हमालांना तोंडवळेच नव्हते. ते मला पाहवत नसे. पण पाणी! कागदाचा पांढरा तुकडा न रंगवता सोडून त्या अज्ञात हाताने उन्हातली लाट उभी केली होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. ती लाट एकदा तरी माझ्या हातून उतरावी, एवढीच इच्छा होती.

त्यासाठी किळस गिळावी लागे. सरकीच्या तेलाचा खवट वास, पिकदाणीचे चुकलेले नेम. शेठजी पाहुण्यांना सांगत, "समिंदर असा राह्यते," आणि चुन्याचे बोट फुटक्या काचेतून थेट पाण्यावर टेकवीत.

लक्ष्मीपूजनाआधी देवांच्या तसबिरी उतरवून ओल्या फडक्याने पुसण्याचा तिथे रिवाज होता. त्या छापील, रोगण दिलेल्या. त्यांना काही होत नसे. त्या वर्षी मी पोचलो तेव्हा शेठजींच्या दिवाणजींनी या चित्राचीही काच काढली होती, आणि हातात कंदिलाची काजळी पुसलेले ओले फडके होते.

"दिवाणजी, थांबा. हा रंग पाण्याने निघतो."

"समिंदरच हाय ना, मास्तर? पाण्यानं त्याले काय होते?"

शेठजी खदखदून हसले. मी फडके धरले. दिवाणजींनी हिसकून घेतले, आणि ते दोनदा फिरवताच लाट, आकाश, वखार, साहेब यांचा एकच राखाडी चिखल होऊन गादीवर ठिबकू लागला. पक्क्या काळ्या शाईने काढलेले हमाल तेवढे शाबूत राहिले.

शेठजी गादीवरून उठून चित्राजवळ आले.

"बरंच झालं. मास्तर, तुमी शिकले ना आता? इथं आपली जिनिंग काढा. साहेबाच्या जागी मले बसवा."

"आणि हे हमाल?"

"राहू द्या की. ते तं आपल्याले लागतेतच."

बोटावरचा चुना त्यांनी एका हमालाच्या पाठीवर पुसला. मी आजवर कोणाला तोंडावर नकार दिला नव्हता.

"मी काढणार नाही."

"काहून? राग आला काय?"

"किळस आली."

दिवाणजींनी पान पुढे केले. मी ते न घेता जोडे घातले.

शेठजींनी पुढे अकोल्याहून कोणी पेंटर आणवला, असे कानी आले. मी पाहायला गेलो नाही. लाट मला अजूनही जमत नाही.